मुलाचा पत्ता

“दर्या आज गप्प आहे. होड्या सकाळी लवकर आल्या. बांगडा बरा मिळालाय. वारा उत्तरेचा, आणि पहाटेपासून जरा…”

तात्या एवढ्यावर थांबले. मग सेटमधून चिखलात काहीतरी आपटल्यासारखा चमत्कारिक आवाज आला आणि हिरवा दिवा विझला.

मी वाट पाहिली. बोलता बोलता थांबून चहाचा घोट घ्यायची तात्यांची सवय सगळ्यांना माहीत होती. मी खोक्यांच्या मधोमध जमिनीवर बसले होते. माझा नवरा इम्तियाज बदली होऊन आधीच नाशिकला गेला होता, आणि मिरजेतलं आमचं घर मी एकटीच खोक्यांत भरत होते. कुठल्याच कामात जीव लागत नव्हता. एक खोकं भरायचं, मध्येच दुसरं उघडायचं, असं सकाळपासून चाललं होतं. दुपारचा कट्टा तेवढा मी चुकवला नव्हता.

कट्टा म्हणजे आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा. परीक्षा देऊन, परवाना काढून रेडिओवर बोलणारी आम्ही काही मंडळी. पूर्वी असं लांब बोलायचं तर गच्चीवर उंच अँटेना लागायची आणि समोरच्याचा आवाज खरखरीतून वेचून घ्यावा लागायचा. डिजिटल रेडिओ आला आणि सगळं बदललं. हातात वॉकीटॉकीसारखा सेट, घरात इंटरनेटला जोडलेली काड्यापेटीएवढी एक डबी. तिला हॉटस्पॉट म्हणतात. सेटवर आपल्या गटाचा नंबर लावला की त्या नंबरावर बसलेले सगळे, वसईचे असोत की सावंतवाडीचे, शेजारच्या खोलीत असल्यासारखे ऐकू येतात. एका वेळी एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कोणाची पाळी कधी, ते मी बघायचे. पॉलिटेक्निकमध्ये पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवून माझा आवाज तसाही हुकमी झाला होता.

दिगंबर केळुसकर, म्हणजे आमचे तात्या, सगळ्यांत वडील. बंदर खात्यात वायरलेस ऑपरेटर म्हणून जन्म गेलेला. वेंगुर्ल्याला बंदराजवळ त्यांचं घर. कट्ट्याची सुरुवात रोज तेच करायचे. दर्या कसा आहे, कुठली मासळी आली, दीपस्तंभाच्या बाजूला पाणी कुठवर चढलं. वसईचा ग्लेन डाबरे ऑफिसात जेवता जेवता कानात घालून हेच ऐकायचा. म्हणायचा, “तात्यांचं ऐकल्याशिवाय घास उतरत नाही.”

“तात्या, आवाज तुटला तुमचा,” मी म्हटलं. “पुन्हा बोला.”

एकदम दिवा लागला. सेटच्या पडद्यावर नाव उमटलं, ‘दिगंबर’. आवाज मात्र बोलण्याचा नव्हता. कोणीतरी दात आवळून श्वास घेत होतं.

“आई… आई गं…”

मी उठून उभी राहिले.

“शाहीनताई, हे काय चाललंय?” ग्लेन.

“थांब. मध्ये बोलू नकोस.”

तात्यांच्या सेटवर व्हॉक्स लावलेला असे. त्यांच्या अंगठ्याला कंप होता, बटण दाबून धरता येत नसे. म्हणून त्यांनी अशी सोय करून घेतली होती की खोलीत आवाज झाला की सेट आपोआप बोलायला लागेल, आणि शांत झालं की थांबेल. त्यामुळे आता त्या खोलीतला प्रत्येक आवाज आमच्यापर्यंत येत होता. पण डिजिटल रेडिओ माणसाचा आवाज तेवढा नीट पोचवतो, बाकी सगळ्याचा गाळ करतो. भांडं पडलं की पंखा खडखडला, काही कळायला मार्ग नाही.

“तात्या, पडलात का?”

श्वास. मग, “शाहीन… पाय… कंबर… हलता येत नाही गो.”

“डोकं आपटलं का?”

“माहीत नाही. फरशी गार लागतेय.”

“घरात कोण आहे?”

“कोण नाही.”

मी मोबाइल शोधायला धावले. तो एका खोक्यावर होता, मी दुसऱ्याच खोक्यात हात घालत होते. शेवटी सापडला. तात्यांचा नंबर लावला. माझ्या कानात रिंग वाजत होती आणि त्याच वेळी सेटमधून कसलातरी गुरगुराट येऊ लागला. रिंग थांबली, गुरगुर थांबली. पुन्हा लावला, पुन्हा गुरगुर. त्यांचा फोन त्याच खोलीत वाजत होता, आणि तात्या म्हणत होते, “कॉटवर आहे… हात पोचत नाही.”

“राहू दे, हलू नका. सेट कुठे आहे?”

“डोक्याशी पडलाय.”

“तसाच असू दे. आम्ही सगळे इथे आहोत.”

सावंतवाडीचा सुहास नाबर दातांचा डॉक्टर होता. पेशंटला खुर्चीत तसाच ठेवून तो बोलायला आला असावा. “मी निघतो,” म्हणाला. “अर्ध्या तासात वेंगुर्ल्यात पोचतो. बंदराजवळचं घर ना? विचारत जाईन.”

“तू गेलायस ना कधी त्यांच्याकडे?”

“नाही हो. दर वेळी म्हणायचे, आज नको, पुढच्या आठवड्यात ये.”

तो गाडी काढायला गेला. मी पोलिसांच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. पलीकडची मुलगी शांतपणे विचारत होती, पत्ता सांगा. मी सांगितलं, वेंगुर्ला, बंदराजवळ, केळुसकर. घर नंबर? माहीत नाही. तुम्ही कुठून बोलताय? मिरजेहून. नातेवाईक? नाही. मग तुम्हाला कसं कळलं? रेडिओवर. तरी तिने सगळं लिहून घेतलं आणि गाडी पाठवायला सांगते म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा सेटने बारीक ‘टूं’ केलं. बॅटरी उतरत होती. चार्जर सकाळीच कुठल्यातरी खोक्यात गेला होता.

मी एका हातात सेट धरून दुसऱ्या हाताने खोकी उपसायला लागले. चादरी, पुस्तकं, इम्तियाजच्या क्रिकेटच्या ट्रॉफ्या. चिकटपट्टी दाताने तोडायची, आत चाचपायचं, पुढचं. मध्येमध्ये तात्यांशी बोलायचं. गप्प बसले की भीती वाटायची.

“तात्या, सुहास निघालाय. येईल आता. कुठल्या खोलीत आहात?”

“बाहेरच्या.”

“दार उघडं आहे?”

“ओढून घेतलेलं असतं.”

“दुखतंय का फार?”

“पडद्याला हात घातला आणि पाय गेला. उन्हं येत होती डोळ्यांवर.” मग बराच वेळ नुसता श्वास. “शाहीन, तहान लागलीय.”

पाणी इथून कसं देणार? मी म्हटलं, “ओठांवरून जीभ फिरवा. थोडा वेळ.”

एवढ्यात दिवा पुन्हा लागला. तात्या बोलत नव्हते. सेटमधून एका बाईचा आवाज आला, स्वच्छ, हसरा, पाठ केल्यासारखा. पहिल्यांदा शब्द कळले नाहीत. थोड्या वेळाने तोच आवाज, तोच सूर. आणि या वेळी मला ऐकू आलं, “कृपया दरवाजा बंद करा.”

लिफ्ट.

मी चिकटपट्टी हातात धरून तशीच उभी राहिले. वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ कौलारू घर, अंगणात माड, पडवीत जाळी पसरलेली. तात्यांनीच इतक्यांदा सांगितलेलं. त्या घरात लिफ्ट कुठून येणार?

माझा मोबाइल वाजला. ग्लेन. तो रेडिओ सोडून फोनवर आला होता, म्हणजे त्यानेही ऐकलं होतं.

“ताई, तुम्ही ऐकलंत?”

“ऐकलं.”

“नेटवर्कच्या नकाशावर तात्यांच्या हॉटस्पॉटचा ठिपका वेंगुर्ल्यातच आहे. पण तो ठिपका आपणच टाकतो. मी उद्या माझा लंडनला टाकला तरी कोण विचारणार?”

“म्हणजे?”

“म्हणजे ते वेंगुर्ल्यात नाहीतच. कुठल्यातरी बिल्डिंगमध्ये आहेत. आणि आपण गाडी पाठवलीय भलतीकडेच.”

“सुहासचा फोन येऊ दे.”

“तोवर ते टिकतील का? विचारा त्यांना सरळ!”

मी सेट तोंडाजवळ धरला. “तात्या, ऐकू येतंय ना?”

“हं.”

“आत्ता तुम्ही नक्की कुठे आहात?”

“घरी.”

“घरी म्हणजे?”

“वेंगुर्ल्यात. आणखी कुठे?” आवाज खोल गेला होता, पण शब्द ठाम होते.

सुहासचा फोन आला तेव्हा मी शेवटच्या खोक्यापर्यंत पोचले होते. त्याला धाप लागली होती.

“घर सापडलं. पण ताई, दाराला कुलूप आहे. गंजलेलं. अंगणात गवत वाढलंय. पोलीसही आलेत, ते माझ्याकडे बघताहेत. शेजारी म्हणताहेत, दोन वर्षं इथे कोणी राहत नाही.”

“मुलगा कुठे असतो त्यांचा? शेजाऱ्यांना विचार.”

“मुंबईकडे, एवढंच म्हणतात. एक मावशी आहेत, त्यांना जास्त माहीत असेल, त्या बाजाराला गेल्यात. बघतो मी.”

मी खाली बसले. सेटने पुन्हा ‘टूं’ केलं.

मनात काय काय येऊन गेलं ते आज सगळं आठवत नाही. राग आला होता, हे आठवतं. दोन वर्षं आम्ही त्या दर्याच्या बातम्या ऐकत होतो. ऊन लागलं की मनात म्हणत होतो, तात्यांकडे वारं असेल. आणि भीती तर होतीच. पत्ता मिळायला हवा होता आणि तो फक्त त्या एका माणसाकडे होता, आणि तो खोटं सांगत होता. मरणाच्या दारात पडून खोटं सांगत होता. का, हे मला कळत नव्हतं. पण इतक्या दुखण्यात माणूस जे सोडत नाही ते त्याला फार जड असणार, एवढं आत कुठेतरी जाणवत होतं.

आणि ग्लेनला राहवलं नाही. तो रेडिओवर आला.

“तात्या, मी ग्लेन. तात्या, बघा, सुहास तिथे पोचलाय. तुमच्या घराला…”

“ग्लेन!” मी बटण दाबून ओरडले. दोघं एकदम बोलले तर एकच आवाज जातो. कोणाचा गेला, कळेना. मी बटण सोडलं. सगळं शांत.

मग दिवा लागला. तात्या.

“घराला काय?” ते म्हणाले.

म्हणजे ग्लेनचं अर्धं वाक्य पोचलं होतं. आता पुढचं वाक्य कोणीतरी म्हणायचं होतं. मी म्हटलं असतं तर ते खरं होतं, आणि ऐकायला सगळा कट्टा होता. बोलत कोणी नव्हतं, पण सगळे होते, हे मला माहीत होतं.

“घराला वळसा घालून मागून यावं लागतंय,” मी म्हटलं. “सुहासला वेळ लागेल. तोवर तुमच्या मुलाला कळवायला हवं, तात्या. निनाद ना नाव?”

“निनाद.”

“त्याचा नंबर?”

“फोनात आहे. पाठ नाही.”

“मग त्याचा पत्ता सांगा. कोणीतरी जाऊन निरोप देईल.”

सेटवरचा बॅटरीचा दांडा लाल झाला होता. मी पापणी न लववता त्या दिव्याकडे बघत होते. तो विझलेलाच. मी सेट दोन्ही हातांनी धरला.

“तात्या, मुलाच्या घराचा पत्ता.”

दिवा लागला.

“निर्झर सोसायटी,” तात्या म्हणाले. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. “खारघर. बी विंग. नववा मजला. नऊशे तीन.” मग जरा थांबून, “शेजारी नायर म्हणून आहेत. त्यांच्याकडे त्याची किल्ली असते.”

त्याची किल्ली. मी डोळे मिटले.

“सांगते हां त्याला निरोप,” मी म्हटलं.

त्यापुढे सगळं धावपळीत झालं. ग्लेनने एव्हाना सगळं ओळखलं होतं आणि त्याने एक शब्दही काढला नाही. त्याने इंटरनेटवरून सोसायटीच्या ऑफिसचा नंबर काढला, तिथल्या रखवालदाराला फोन लावला, नायरबाईंना शोधायला लावलं. मी रुग्णवाहिकेला खारघरचा पत्ता दिला. हा पत्ता पूर्ण होता, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. सुहासने पोलिसांना काय सांगितलं देव जाणे, पण त्यांनी त्याला सोडलं.

आणि मी तात्यांशी बोलत राहिले. काय बोलले? नाशिकचं नवं घर, खोकी, चार्जर सापडत नाही. काहीही. ते मध्येच हुंकार द्यायचे. बॅटरी कधीही जाणार होती, आणि माझा आवाज गेला की त्या खोलीत काहीच उरणार नव्हतं.

“ग्लेन, माझा सेट बंद पडला तर तू बोलायचं,” मी म्हटलं.

“आहे मी, ताई. तात्या, मी ग्लेन. मगाशी मध्ये बोललो, राग मानू नका हां.”

“तुझा कसला राग,” तात्या म्हणाले. “जेवलास का?”

“डबा तसाच आहे,” ग्लेन म्हणाला.

मग गुरगुराट सुरू झाला. दाराची घंटा असणार. पुन्हा, पुन्हा. मग आपटल्याचा चिखल, आणि त्यातून एकदम स्वच्छ, घाबरलेला बाईचा आवाज, “अंकल! अंकल, क्या हुआ?” पाठोपाठ एक पुरुष, “हात नका लावू मॅडम, गाडी येतेय. पाणी आणा.” कोणीतरी सेट उचलला असावा, कारण रखवालदाराचा आवाज अगदी जवळून आला, “हे काय आहे? चालू आहे काय हे?”

“चालू आहे,” मी म्हटलं. “भाऊ, त्यांना एकटं सोडू नका.”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. माझा सेट तिथेच बंद पडला. मी खोक्यांच्या गर्दीत बसून मोठ्याने रडले. घरात ऐकायला कोणी नव्हतं, ते बरं होतं.

संध्याकाळी सुहासचा फोन आला. तात्यांना पनवेलच्या दवाखान्यात नेलं होतं, खुब्याचं हाड मोडलं होतं. वेळेत मिळाले, डॉक्टर म्हणाले होते. मला वाटलं फोन त्यासाठीच आहे. पण सुहास घुटमळत होता.

“ताई, त्या मावशी भेटल्या मला. मालू तांडेल. समोरच्याच घरात राहतात. मी विचारलं, तात्या कधी आले होते शेवटचे? तर म्हणाल्या, येवक नाय, पण रोज सकाळी फोन करतत. दर्या कसो आसा, होडये आयले काय, म्हावरा काय गावला, पाणी खय पावला, सगळा इचारतत. म्हणाल्या, चुकान खोटा सांगलय तर रागवतत.”

“रोज?”

“रोज. सकाळीच. आपल्याला दुपारी सांगायचे ते सगळं खरं होतं, ताई. फक्त तिथून नव्हतं.”

आठवडाभराने मी सामान ट्रकने पुढे पाठवलं आणि पनवेलला उतरून दवाखान्यात गेले. निनाद कामासाठी सिंगापूरला गेला होता, तो पहिल्या विमानाने परत आला होता. तात्या पडले त्या दुपारी त्याची बायको ऑफिसात होती; आता आदल्या रात्रीपासून जागी राहून ती नुकतीच घरी गेली होती. निनाद मला बाहेरच्या बाकावर भेटला. चाळिशीचा, दाढी वाढलेला. मी मनात त्याच्यावर राग धरून आले होते. म्हाताऱ्या माणसाला घर सोडायला लावलं, दिवसभर एकटं कोंडून ठेवलं, म्हणून त्यांना असं खोटं जगावं लागलं, अशी माझी समजूत झाली होती.

“एक विचारू?” मी म्हटलं. “त्यांना इथे का आणलंत? त्यांचा जीव तिकडे होता.”

निनाद बाकावर जरा सरकून माझ्याकडे वळला.

“मी नाही आणलं,” तो म्हणाला. “आई गेली. तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाबा बॅग भरून पडवीत बसलेले. म्हणाले, मला ने इथून, आत्ता ने. कुलूपही त्यांनीच घातलं. त्यानंतर मी कितीदा म्हटलं, जाऊन येऊ. गाडीत बसायलाच तयार नाहीत. वेंगुर्ल्याचं नाव काढलं की उठून खोलीत जातात आणि दार लावून रेडिओवर बोलत बसतात. काय बोलतात हो तुमच्याशी?”

मी म्हटलं, “हवापाण्याचं.”

तो आत घेऊन गेला. तात्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. आवाजावरून मला वाटलं होतं, उंच माणूस असेल. ते लहानखुरे निघाले, उशीवर डोकं, पांढरे केस कपाळावर चिकटलेले. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, “शाहीन.”

“कसं ओळखलंत?”

“दारातून ज्या तऱ्हेने बघितलंस, त्यावरून ओळखलं. बस.”

निनाद औषधं आणायला खाली गेला. तात्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“त्या दिवशी तू निनादचा पत्ता विचारलास,” ते म्हणाले.

“त्याला कळवायचं होतं ना.”

“तो सिंगापूरला होता. आदल्या आठवड्यात मीच सांगितलं होतं कट्ट्यावर.”

मी मान खाली घातली. हे माझ्या लक्षातच नव्हतं. सगळ्या कट्ट्याला माहीत होतं की मुलगा घरी नाही, आणि तरी मी विचारलं होतं, आणि तरी त्यांनी सांगितलं होतं.

“ग्लेनचं पुढचं वाक्य काय होतं, ते मला कळलं होतं,” तात्या म्हणाले. “सेट डोक्याशी होता. फोन लांब, पण सेटला हात पोचत होता. हे बटण असं फिरवलं की संपलं. बोट ठेवलंच होतं मी त्यावर. तू कुलूप म्हणाली असतीस तर फिरवलं असतं.”

“तात्या!”

“खरंच सांगतो. मेलो असतो, पण तुम्हा सगळ्यांसमोर कबूल केलं नसतं.”

“एवढं काय होतं त्यात? कोणी काही म्हटलं नसतं. मुलाकडे राहतात की सगळे.”

“मुलाकडे राहायची लाज नाही गो.” कंप असलेला हात चादरीवर सरकत राहिला. “ती त्याच घरात गेली. माजघरात. मला म्हणाली होती, मी गेले तरी दिवा लावत जा, मला अंधार आवडत नाही. आणि मी एक दिवस राहू शकलो नाही तिथे. भिंतींकडे बघवेना. पळून आलो. तिला तिथे एकटीला ठेवून, दाराला कुलूप घालून पळून आलो. हे चारचौघांत कोणाला सांगू? मग मी रोज तिथेच असायचो. सकाळी मालूला विचारायचं, दुपारी तुम्हाला सांगायचं. बोलत असेपर्यंत मी तिथे असायचो. तेवढा वेळ कुलूप नसायचं.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो थरथरायचा थांबला नाही, तसाच माझ्या हाताखाली थरथरत राहिला.

निनाद औषधांची पिशवी घेऊन परत आला. आमच्याकडे बघून दारातच थांबला.

“काय झालं, बाबा? दुखतंय?”

तात्यांनी डोळे पुसले नाहीत. “तिकीट काढ,” म्हणाले.

“कसलं तिकीट?”

“घरचं.”

निनादच्या हातातली पिशवी तशीच राहिली. तो माझ्याकडे बघायला लागला, मी खिडकीकडे बघायला लागले.

“डॉक्टर म्हणाले की काढतो,” तो हळूच म्हणाला. “मी पण येईन. राहीन तुमच्याबरोबर, म्हणाल तेवढे दिवस.”

“तू ये. पण आधी मालूक फोन कर.” एखादा ‘गो’ सोडला तर तात्यांच्या तोंडून त्यांची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. रेडिओवर ते नेहमी पुस्तकातलं बोलायचे. “किल्ली तिच्याकडेच आसा. तिका सांग, माजघरात दिवो लाव म्हणान. आणि सगळ्यो खिडक्यो उघडून ठेव. लय दिवस कोंडलेला आसा ता घर.”